एक ते पाच

भागशिक्षणाधिकाऱ्यांचा कागद आलाय.
प्रश्न सातवा : तंत्रज्ञान वापरताना
आपणांस किती आत्मविश्वास वाटतो?
एक ते पाच. योग्य आकड्याला गोल करा.

झर्म्याची शाळा. दोन खोल्या, चार वर्ग, एकोणीस मुलं,
मी, आणि दीर्घ रजेवरचे पर्येकर गुरुजी.
प्रोजेक्टर आला चवथीच्या सुट्टीनंतर
आणि शिगम्यापर्यंत कपाटातच राहिला,
माध्यान्ह आहाराच्या वह्यांखाली,
अंगावरचं प्लास्टिकसुद्धा न काढता.
किल्ली माझ्या पर्समध्ये.
कोणी विचारलं तर सांगायचे,
व्होल्टेज नाही हो आमच्याकडे.

व्होल्टेज होतं.

पर्वरीला प्रशिक्षणात तो मुलगा,
माझ्या थोरल्याहून लहान,
बोटं अशी चालवायचा
जशी सुंगटं सोलणारी चालवते, गप्पा मारत, न बघता.
"सोपं आहे, मॅडम."
मी मान हलवली.
मान हलता हलता एकाएकी सुलक्षा आठवली, चौथीतली,
हातच्याच्या वजाबाकीला हुबेहूब अशीच हलवते.
सत्तावीस वर्षं मी तिला, तिच्या आईला,
सांगत आले, अगं, सोपं आहे.
परतीच्या कदंबात वाळपईपर्यंत तो शब्द
काजूच्या बोंडासारखा घसा धरून बसला.

मग लेकीच्या नेलपॉलिशनं
रिमोटवर टिपके दिले.
एक लाल : चालू. दोन लाल : मागे जा.
बाकीच्या बटणांच्या वाटेला जायचं नाही.
शनिवारी मुलं गेल्यावर दार लोटून
रिकाम्या बाकांपुढे उभी राहिले.
भिंतीवर चौकोन पडला.
तिरका, पण पडला.
पहिलीचं पुस्तक खाली सारलं, सरळ झाला.

सोमवारी भिंतीवर पानाचं चित्र यायचं होतं.
आला माझा मोबाईल, अख्खाच्या अख्खा,
आणि रात्री त्याला विचारलेलं,
दारा-खिडकीएवढ्या अक्षरांत :
प्रोजेक्टर बंद कसा करतात
जळला तर पैसे कोण भरतं

मुलांनी मोठ्यानं वाचलं, एका सुरात.
दुसरीतल्या धुळूनंसुद्धा,
ज्याला वर्षभर जोडाक्षरं येत नव्हती.

कानशिलं तापली. दोन लाल दाबलं.
एक लाल दाबलं.
भिंतीवर मी तशीच.
तेव्हा धनगरवाड्यावरचा जानू वरक,
हजेरीलाही नुसता हात वर करणारा,
उठून आला. "बाई, फाटल्यान आसा."
माझ्या कोपराखालून हात घालून
यंत्राच्या पाठीवरचं काहीतरी दाबलं.
तुला रे कसं ठाऊक?
"खबर ना. दाबून पळयलें."

दाबून पाहिलं.
एवढंच.
आणि मी सहा महिने किल्ली सांभाळत होते.

पानाचं चित्र काही सापडलं नाही.
अंगणातून फणसाचं पान आणायला लावलं,
मोबाईल धरला त्याच्यावर, श्वास रोखून,
तर शिरा भिंतभर पसरल्या, आढ्यापर्यंत.
सुलक्षा पुढे गेली, एका फाट्यावर बोट ठेवून म्हणाली,
ही वाळपई.
मग होंडा सापडलं, उसगावचा तिठा सापडला,
आणि त्या रस्त्यावरून एक मुंगी निघाली
बैलाएवढी.
काय किंचाळली मुलं!
तेवढ्यात लाईट गेली.
पान हातातच होतं. धडा पुढे चालू राहिला.

हल्ली वजाबाकीलाही मी सोपं आहे म्हणत नाही.
थांब, म्हणते, मलाही अडलं होतं.

पर्येकर गुरुजी रुजू झाले काल.
कपाटाशी घुटमळले, घसा खाकरला,
"व्होल्टेज नसेल ना अजून?"
मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

कागद तसाच पडलाय.
तीनला गोल केला, खोडला.
जानूला विचारलं, किती लिहू रे?
त्यानं नुसता हात वर केला.

पाच म्हणाला,
की हजर,
कोण जाणे.